धवलारणीला प्रेरणा कुठून येते?

भिवंडी तालुक्यातल्या वडप्याला मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला, चहाच्या टपरीवर, गोदामात काम करणारा एक पोरगा मला म्हणाला, "लिहायचं लय हाय, पन मोटिवेशन येत नाय." दिवसभर हातात स्कॅनर घेऊन तो खोके मोजतो. त्याच्या मोबाइलमध्ये लेखक कसं व्हावं हे सांगणाऱ्या व्हिडिओंची रांग होती आणि समोर ठाण्याकडे निघालेल्या कंटेनरांची. दोन्ही रांगा जागच्या हलत नव्हत्या.

त्याच्या बोलण्यामागचा सिद्धान्त आपण सगळेच मानतो: आधी प्रेरणा, मग लिखाण. आत काहीतरी पेटलं पाहिजे. पेटलं नाही म्हणजे आपण लेखक नव्हे. मला हा सिद्धान्त खोटा वाटतो. लिहिणाऱ्याला तो दिवसेंदिवस वाट बघायला लावतो, आणि वाट बघण्यात दिवस गेले की त्याचाच दोष काढतो.

याच भिवंडी तालुक्यातल्या आगरी घरांत लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणतात. पूर्वी ते म्हणणारी धवलारीणच लग्न लावायची. तिचे धवले हाच विधी. हळद लागली, मांडव पडला की तिला बोलावणं जाई. आज हुरूप नाही, असं सांगून कोणी धवलारीण घरी बसल्याचं ऐकलंय का? मुहूर्त लग्नाला लागतो, तिच्या गळ्याला लागत नाही. ती गाते, कारण मांडवात माणसं बसलेली असतात आणि तिच्यावाचून त्यांचं अडतं.

कोणी म्हणेल, धवले परंपरेचे, तिच्या आधीच्या बायांकडून आलेले; स्वतःची गोष्ट लिहिणं वेगळं. वेगळं आहेच. मग स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्यांकडे जाऊ. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतली ती लेखिका व्हायच्या ऊर्मीनं नव्हे. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. मागितली नवऱ्याची गोष्ट, उतरली तिची स्वतःची. १९३४ पासून ती भागाभागानं पुस्तकरूपात आली, आणि आज त्या नवऱ्याचं नाव अनेकांना तिच्यामुळेच ठाऊक असतं. हरिभाऊ आपट्यांचंही पाहा. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात हप्त्याहप्त्यानं दिली. दर आठवड्याला अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. या घाईत त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या, हे खरं. पण त्या कादंबरीची नायिका यमू जन्मली ती याच घाईत. दिवाळी अंकांमुळे मराठीत किती कथा लिहून झाल्या, याचा हिशेब कोणी मांडला तर त्यात प्रेरणेपेक्षा संपादकांच्या तगाद्याचीच जमा मोठी निघेल.

माझ्या म्हणण्याला एक अडचण मात्र आहे, आणि ती मी लपवणार नाही. फलटणच्या बेबी कांबळे. किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्या चोरून लिहीत, आणि लिहिलेलं त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. त्यांच्याकडे कोण मागायला आलं होतं? अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण बाहेर आणवलं, पण लिहून तर ते आधीच झालेलं होतं. इथं माझी बोलावण्याची गोष्ट लंगडी पडते. तरी १९८६ साली पुस्तक आलं त्याचं नाव बघा: 'जिणं आमुचं'. माझं नव्हे, आमुचं. ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं लिखाण मागायला आली नव्हती, पण बाईंच्या मनात ती ठाण मांडून होती, असं मला त्या एका शब्दावरून वाटतं.

आता शिस्तवाले. रोज पहाटे उठा, रोज पाचशे शब्द पाडा, असं ते सांगतात. सल्ला वाईट नाही, पण जो पोरगा दिवसभर टार्गेटच पुरं करतो त्याला घरी जाऊन आणखी एक टार्गेट? शब्द मोजायला लावाल तर तो खोक्यांसारखेच मोजील.

आणि "आमच्याकडं घडतंय तरी काय?" हे तर कुणी बोलूच नये. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता इथल्या शिवारापर्यंत येऊन टेकला. ज्या भागात भाताची खाचरं होती तिथं पत्र्याची गोदामं उभी राहिली. जमीन विकून आलेल्या पैशाची गाडी झाली, बंगला झाला, भावाभावांत कोर्ट झालं. त्या पोरानं मला स्वतःचं लिखाण दाखवलं तेव्हा त्यात यातलं काही नव्हतं. पहिलं वाक्य होतं, "माझे वडील शेती करीत असत." घरी तो 'बापूस' म्हणतो. कागदावर बापूस 'वडील' झाला, आणि वडील झाल्याबरोबर मुका झाला. प्रेरणा नाही, असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की माझी बोली आणि माझी माणसं कागदावर चालतील, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गोष्ट सांगणाऱ्याला आपल्याकडे हुंकार द्यायची रीत होती. समोरच्यानं 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. ज्याला लिहायचंय त्यानं स्वतःच्या आत खणत बसण्याऐवजी असा एक हुंकार देणारा शोधावा. आत्या, दुबईला गेलेला दोस्त, शाळेतल्या बाई, कोणीही. त्याच्या नावानं लिहावं, त्याला पाठवावं, आणि त्यानं "मग?" विचारलं की पुढचं लिहावं. साहित्य झालं की नाही, ते मागाहून बघता येईल.

हे सगळं मी टपरीवर त्याला ऐकवलं नाही. फक्त विचारलं, "बापूस आता काय करतो?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "काय नाय करत. मी ज्या गाल्यात काम करतो ना, तिथंच आमचं खाचर होतं. बापूस संध्याकाळी गेटवर येतो, मना न्यायला. पन आत बघत नाय."

मी म्हटलं, "हं."