लाल दिव्यावरचा 'फ्री लेफ्ट' आणि तुमचे चालणे

मधुमेह असो, रक्तदाब असो की गुडघेदुखी, बहुतेक रुग्णांना मी सांगतो : रोज अर्धा तास चाला. मध्यंतरी एका आजींनी मला उलट विचारले, "चालीन हो डॉक्टर, पण बागेत जायचा चौक कसा ओलांडू?" पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, ही त्यांची तक्रार. नाइलाजाने मी त्यांना सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारायला सांगितले. पण त्यांच्या मैत्रिणी बागेत भेटतात, आवारात नाही.

असे का होते?

प्रत्येक वेळी चालक बेफिकीर असतोच असे नाही. लाल दिव्यावर डावीकडे वळताना त्याची नजर उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते. मान उजवीकडे, गाडी डावीकडे. नेमके त्याच वेळी तुम्ही डाव्या बाजूच्या फुटपाथवरून खाली उतरता. बस किंवा ट्रक असेल तर धोका आणखी मोठा : वळताना मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, फुटपाथला लागून जाते.

"वळणारी गाडी हळू असते, फार काय लागणार?" असे अनेकांना वाटते. तरुण माणूस कदाचित खरचटण्यावर सुटेल. पण सत्तरीत हाडे ठिसूळ झालेली असतात. नुसत्या धक्क्याने पडले तरी खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो. वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव

तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून लाल दिव्यावर उजवीकडे वळतात. १९७३च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी ही मुभा देशभर पसरली. पुढे झालेल्या अभ्यासांत पादचारी व सायकलस्वारांचे अपघात वाढल्याचे दिसले. न्यूयॉर्क शहरात पाटीने परवानगी दिलेली नसेल तर असे वळता येत नाही. वॉशिंग्टन शहरानेही २०२२ मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला.

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी गेले. हे सगळे चौकात गेले नाहीत, हे खरे. पण पादचाऱ्याला हक्काने रस्ता मिळावा अशी जागा सिग्नलच आहे. तिथेही जीव मुठीत धरावा लागत असेल, तर त्याने ओलांडायचे कुठे?

माझे मत

शाळा, दवाखाने, मंडई आणि स्टेशनजवळच्या चौकांत 'फ्री लेफ्ट' बंद करावा. गाड्या तुंबतील, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय आहे : पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असेतोवर वळण बंद, नंतर डावीकडचा हिरवा बाण. गाडीवाल्याचे काही सेकंद जातील, इतकेच.

तोवर एवढे करा :

- गाडी चालवताना पाटी किंवा हिरवा बाण नसेल, तर लाल दिव्यावर वळू नका. परवानगी असली तरी आधी थांबून डावीकडे पाहा.
- पायी असाल, तर हिरवा दिवा लागल्यावरही वळणाऱ्या गाडीकडे पाहा. चालकाशी नजरानजर झाल्यावरच पाऊल टाका.
- बस-ट्रक वळत असेल तर फुटपाथच्या कडेपासून दोन पावले मागे राहा.
- तुमच्या चौकाबद्दल वाहतूक पोलीस आणि नगरसेवकांना लेखी कळवा.