चिपाडाचा नफा कोणाचा?

‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द आता साखर कारखान्यांच्या अहवालांत रुळला आहे. टाकाऊतून संपत्ती, असा त्याचा डौल. बार्शीच्या शेतकऱ्यास हे तत्त्व कोणी शिकवावयास नको. डाळमिलमधील तुरीची चुनी गोठ्यात जाते, तुराट्या चुलीत जळतात, कडबा जनावरे खातात आणि त्यांचे शेण पुन्हा रानात पडते. बँकेच्या दारात मात्र या चक्राला पत नाही. तेथे पहिला प्रश्न सातबाऱ्याचा.

पत मिळते ती टाकाऊ वस्तू कारखान्याच्या कुंपणाआड गेल्यावर. याच तालुक्यातील ज्वारी-तुरीच्या रानांत आता ऊसही उभा आहे. त्या उसाची मळी कारखान्यात पोहोचली की दिल्लीचा खजिना उघडतो. जून 2018 मध्ये केंद्र सरकारने इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर व्याजसवलत जाहीर केली: सहा टक्के अथवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी ते, पाच वर्षे सरकार भरणार. गिऱ्हाईक सरकारी तेल कंपन्या, दरही सरकारच ठरविणार. अशा बंदोबस्तात उद्योग करण्यास कोणते धाडस लागते? आणि त्याच वर्षी, ज्या सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे लहान शेतकरी पीककर्जासाठी पाहतो, तिच्यावर प्रशासक नेमण्याची पाळी आली!

इथेनॉलचा पैसा लवकर हाती येतो, म्हणून उसाची बिले वेळेवर देता येतात, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु वेळेवर मिळालेले बिल म्हणजे नफ्यातील वाटा होत नाही. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर आणि चिपाड, मळी, प्रेसमड या उपउत्पादनांच्या उत्पन्नातील 70 टक्के वाटा ऊसउत्पादकाला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने 2013 मध्ये ऊसदराचा कायदाही केला. पण हिशेब या पहिल्या टप्प्यापाशीच थांबतो. चिपाडाची वीज झाली, मळीचे इथेनॉल झाले, की पुढील नफा शेतकऱ्याच्या वाट्याबाहेर. ऊसतोड मजुराचे तर या हिशेबात नावही नाही.

व्याज जनतेच्या पैशातून भरावयाचे असेल तर कर्जरोख्यावर जनतेची अट असलीच पाहिजे. वीज व इथेनॉलच्या नफ्याचा ठरीव हिस्सा ऊसउत्पादकाच्या आणि तोडणी मजुराच्या खात्यावर दरवर्षी जमा व्हावा. चुनी, कडबा, शेणखत यांवर चालणाऱ्या गावच्या गटांनाही त्याच व्याजदराने, सातबारा न मागता, कर्ज मिळावे. जो कारखाना वाटा देणार नाही, त्याच्याकडून सवलतीचे व्याज वसूल करावे.