नाल्यात फक्त कारखान्यांचेच पाणी नाही



'कुत्रे पाळणाऱ्यांना महापालिकेने छळू नये, आधी कारखान्यांचे सांडपाणी थांबवावे' हे एका पत्रलेखकाचे म्हणणे ऐकायला रास्त वाटते. हैदराबादच्या कुकटपल्ली नाल्याने औद्योगिक परिसरातील रसायने आणि घरगुती मैला हुसेनसागरात वर्षानुवर्षे नेला, हे खरेच आहे. पण मोठा दोषी सापडला म्हणून लहान दोषी सुटत नाही. केपीएचबी कॉलनीच्या रस्त्यांवर, उद्यानांच्या कडेला पडलेली कुत्र्यांची विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर गटारांतून पुढे त्याच प्रवाहाला मिळते. तिच्यातील गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्या मातीत खेळतात ती लहान मुले. कारखान्यावर कारवाई प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची आहे; पिशवी मात्र साखळी धरणाऱ्याच्याच हाती हवी.

दुसरा आक्षेप भटक्या कुत्र्यांचा. त्यांची घाण कोण उचलणार? २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही वाटणी केलेलीच आहे: रस्त्यावरच्या प्राण्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची, पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नसबंदी मालकाची. त्यातच हौस संपली की रस्त्यावर सोडलेली कुत्री भटक्यांत भर घालतात. महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी असेल तर सोडणारा निदान सापडू तरी शकतो. म्हणून नोंदणीला छळ म्हणणे मला पटत नाही. फक्त विष्ठा न उचलणाऱ्याच्या नावे दंडाची पावती फाडण्याआधी महापालिकेने उद्यानांच्या दारांशी कचराकुंड्या ठेवाव्यात, आणि त्या रोज रिकाम्याही कराव्यात.

— एक वाचक, कुकटपल्ली