स्मशानाच्या वहीत आईचा शोध



तुमच्या आईच्या आईचे माहेरचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? आडनाव नव्हे, नाव. लग्नाआधी तिला कोणत्या नावाने हाका मारीत?

हा प्रश्न आम्हाला पडला तो एका बाईंमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या या बाई गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात आल्या. पिशवीत आजोबांच्या जमिनीचा सातबारा होता. त्यावर मामांची नावे होती, आईचे नव्हते. आईला सासरच्यांनी टाकलेले. ती भावाकडे तालुक्याच्या गावी राहायची आणि या बाई सात वर्षांच्या असताना तिथेच वारली. आजोबा त्यानंतर चार वर्षांनी गेले. आता वारस म्हणून नोंद मागितली, तर उत्तर मिळाले, ‘तुमची आई याच माणसाची मुलगी, याचा कागद आणा.’

कागद आणायचा कुठून? आई शाळेत गेली नव्हती. जन्माची नोंद सापडली नाही, लग्नाची झालीच नव्हती. शिवाय आपल्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात तिचे नावही बदलले होते. माहेरची मुलगी आणि सासरची सून ही एकच बाई, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

शेवटी आम्ही नगरपालिकेच्या स्मशानभूमीची नोंदवही मागितली. अशा वह्या तारखेप्रमाणे लिहिलेल्या असतात, नावाप्रमाणे नाही. तारीख माहीत नसेल तर शोधणार काय? बाईंना आठवत होते ते इतकेच : घट बसले होते आणि धाकटा भाऊ नुकताच पहिलीत गेला होता. भावाच्या शाळेच्या रजिस्टरातून वर्ष मिळाले. त्या वर्षीच्या पंचांगातून नवरात्राचे नऊ दिवस मिळाले. मग नऊ दिवसांची पाने चाळायची होती. तिसऱ्या खेपेला नोंद सापडली. सासरचे नाव, वय अंदाजे तीस, नवऱ्याचे नाव. आणि शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचे नाव : मयताचा भाऊ, वडिलांच्या नावासह. सातबाऱ्यावर होते तेच ते वडील.

बाई त्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आई होती.’

या एका नोंदीने सगळे सिद्ध होत नाही. अर्ज दाखल झाला आहे, भांडण चालू आहे. पण बोलायला आधार मिळाला. 17 जून 1956 पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि मुलगी बापाआधी वारली असेल तर तिची मुले-मुलीही. म्हणून कोण कधी वारले, कोणाच्या आधी वारले, याला महत्त्व येते. मृत्यूच्या तारखेचा उपयोग श्राद्धापुरताच नसतो.

आता थोडा विचार करा. या बाईंना आईचे माहेर सापडले, कारण आई टाकलेली होती. सासरचे कोणी स्मशानात आले नाही, भावाने खबर दिली, म्हणून बापाचे नाव वहीत आले. ती सासरी नांदत असती, तर नवऱ्याचे किंवा दिराचे नाव लागले असते आणि माहेर कायमचे पुसले गेले असते!

आपल्या वंशावळी अशाच लिहिल्या गेल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी वाचायला मोडी जाणणाऱ्यांना बोलावले गेले. शोध होता तो आजोबा-पणजोबांचा, कारण जात बापाकडून येते असे मानले जाते. पणजीला कोण शोधणार?

बायकांनी स्मशानात जाऊ नये, ही रूढीही इथे येऊन भिडते. वहीत नाव सांगायला पुरुष उभा असतो. त्याला भावजयीच्या वडिलांचे नाव आठवत नाही, वय तो अंदाजाने सांगतो. 1890 साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर एवढा काळ लोटला, तरी आपल्यातल्या कितीजणी त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आहेत?

ज्यांना असा शोध घ्यायचा असेल, त्यांच्यासाठी अनुभवातून थोडेसे. आधी तारीख जवळ आणा. सण, पाऊस, कोणाचे बाळंतपण, कोणाची शाळा, काहीही उपयोगी पडते. स्मशानाची वही आणि नगरपालिकेचे मृत्यू रजिस्टर वेगवेगळे असते, दोन्ही पाहा. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टरात शोध घ्यायला लावून उतारा मागता येतो. मात्र त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देत नाहीत. खेड्यात ग्रामपंचायत, आणि त्याआधीच्या काळासाठी कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14. ख्रिस्ती मैत्रिणींना चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तिन्ही वह्या ताडून पाहता येतात. दफनाच्या वहीत ‘अमक्याची पत्नी’ एवढेच असले, तर विवाहाच्या वहीत तिचा बाप भेटू शकतो. शहरांत जागेअभावी जुन्या कबरी पुन्हा वापरल्या जातात, दगड राहत नाही, पण वही राहिलेली असू शकते. कब्रस्तानासाठी ट्रस्टकडे विचारा. आणि कुठेही गेलात तरी खबर देणाऱ्याचा रकाना सोडू नका.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव आणले. चांगलेच झाले. पण त्या आईला स्वतःची आई आहे, तिचे काय? मृत्यूच्या दाखल्यावर आईच्या नावाला जागा आहे. ती रिकामी राहणार नाही, एवढे आपण पाहू शकतो. घरात कोणी गेले की रडणे आवरून एकीने तरी खिडकीपाशी जायला हवे आणि पूर्ण नाव सांगायला हवे : माहेरचे, सासरचे, आईचे.

मरणाची वाट तरी कशाला पाहायची? आज रात्री एक वही घ्या. आई, आजी, पणजी, जेवढ्या आठवतील तेवढ्यांची दोन्ही नावे लिहा. आठवत नसतील तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, ती आहे तोवर. मी लिहायला बसले आणि आईच्या आईपाशीच अडले. मावशीला फोन केला, तेव्हा नाव कळले.

तुम्ही कुठे अडलात, ते आम्हाला जरूर कळवा.