रिकामा रकाना

महाड तालुक्यात सावित्री नदीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथील गरम पाण्याची कुंडे पंचक्रोशीत प्रसिद्ध असून अंगदुखी व त्वचेचे विकार यांवर गुण येतो या श्रद्धेने लोक तेथे स्नानास येतात. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची जणू एक रांगच आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तेथे पुन्हा वर येते, असा त्याचा उलगडा भूशास्त्र करते.

अशा कुंडांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारा एखादा विद्यार्थी क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. दर महिन्यास येऊन पाण्याचे तापमान मोजायचे, नमुना बाटलीत भरायचा, क्षारांचे प्रमाण तपासायचे आणि सारे वहीत नोंदवायचे, असा त्याचा दोन वर्षांचा नेम आहे. त्यात जुलै २०२१ उजाडतो. त्या महिन्याच्या २२ तारखेस सावित्रीला महापूर आला, महाड शहर पाण्याखाली गेले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचा बळी गेला. अशा दिवसांत नदीकाठच्या कुंडापर्यंत तापमापक घेऊन जाणे कोणालाही शक्य नसते. तक्त्यात तेवीस आकडे भरले जातात आणि एक रकाना रिकामा राहतो.

प्रबंध सादर करण्याची वेळ येते तेव्हा हा एक रकाना डोळ्यांत खुपू लागतो. जूनचा आणि ऑगस्टचा आकडा जवळजवळ सारखाच आहे. मधला आकडा त्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असणार. तो लिहिला तर कोण विचारणार? पुराचे पाणी साक्ष द्यायला येणार नाही आणि परीक्षकही सवच्या कुंडात हात घालून पाहणार नाही. शिवाय तो आकडा कदाचित अगदी बरोबरही असेल. प्रश्नाची खरी अडचण येथेच आहे. बरोबर असला तरी तो मोजलेला नाही, आणि तक्त्याच्या मथळ्यावर मात्र ‘प्रत्यक्ष मोजलेले तापमान’ असे लिहिलेले आहे.

दुसरे असे की, त्या महिन्यातच अभ्यासाचे मर्म दडलेले असू शकते. नदीचे पाणी झऱ्यात मिसळले तर कुंडाचे तापमान उतरते, क्षार विरळ होतात. पूर ओसरल्यावर झरा किती दिवसांत पूर्ववत होतो यावरून त्याच्या मार्गाविषयी पुष्कळ काही कळते. कल्पनेने भरलेला आकडा सांगतो की जुलैत काहीच घडले नाही. पुढे दुसरा अभ्यासक त्याच आकड्यावर विसंबून आपले अनुमान बांधतो, आणि एका रकान्यातील असत्य पिढ्यान्‌पिढ्या संदर्भ म्हणून चालत राहते. याउलट ‘पुरामुळे नोंद घेता आली नाही’ एवढे एक वाक्य लिहिले की रकाना रिकामा राहूनही खरा ठरतो. गणिताने अंदाज काढणेही निषिद्ध नाही. मात्र तो अंदाज आहे आणि कोणत्या रीतीने काढला हे तेथेच नमूद झाले पाहिजे.

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमीजास्त करणे हा एक आहे. आचार्यांनी खोट्या मापाला असत्याच्या सदरात न घालता चोरीच्या सदरात घातले, ही बाब विचार करण्याजोगी आहे. माप खोटे असेल तेव्हा समोरच्याचे काही तरी हिरावले जाते. दुकानातील तराजू वैधमापन विभागाचा निरीक्षक येऊन तपासतो आणि त्यावर शिक्का मारतो. संशोधकाच्या वहीवर असा शिक्का नसतो. तेथे निरीक्षक आणि दुकानदार एकच.

त्याच अतिचारांतील ‘स्तेनप्रयोग’ आणि ‘तदाहृतादान’, म्हणजे दुसऱ्याकडून चोरी करविणे व चोरीचा माल घेणे, हे दोन शब्द आजच्या विद्यापीठांच्या आवारात विशेष लागू पडतात. पैसे घेऊन प्रबंध लिहून देण्याचा धंदा चालतो हे उघड गुपित आहे. असा प्रबंध विकत घेणारा पुष्कळदा मनाने दुष्ट नसतो. मुदत संपत आलेली असते, नोकरीतील बढती अडलेली असते, घरचे ‘डॉक्टर कधी होणार’ म्हणून विचारीत असतात. आणि कित्येकदा पैसे वडीलच देतात. मुलाच्या नावामागे पदवी लागावी म्हणून कर्ज काढणारा बाप चार लोकांत मुलाचे कौतुक करतो तेव्हा तो मुलगा मान खाली घालून का बसतो, हे त्या बापाला कळत नाही. या व्यवहारात सर्वांत मोठी हानी मुलाचीच होते: जे वर्ष चुकण्यात, खोडण्यात आणि पुन्हा शिकण्यात जायचे, ते त्याच्या हातून गेलेले असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही; चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास ठरावीक मुदतीत सुधारलेला प्रबंध द्यावा लागतो; साठपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई; त्यापुढे नोंदणीच रद्द. (जाता जाता: या आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेले सर चिंतामणराव देशमुख हे महाड तालुक्यातील नाते गावचे.) विनियम आवश्यकच होते. पण त्यांतून एक विपरीत सवय रुजली. ‘किती टक्के आले?’ हा प्रश्न विद्यार्थी एकमेकांना रक्तदाब विचारावा तसा विचारू लागले, आणि शब्दांची अदलाबदल करून टक्के उतरविणे ही एक कला झाली. संगणक शब्दांची जुळणी पाहतो. वाक्य फिरवून घेतलेली दुसऱ्याची कल्पना सहज निसटते, आणि जुलैचा तो मनाने भरलेला आकडा तर शून्य टक्के दाखवून सुखरूप बाहेर पडतो. नऊ टक्क्यांचा प्रबंध निर्दोष आणि बारा टक्क्यांचा सदोष, असा हिशेब प्रामाणिकपणाला लागू होत नाही.

‘अदत्तादान’ या शब्दाचा अर्थ न दिलेले घेणे. संशोधनात तो फार दूरवर पोहोचतो. कोणते कुंड उन्हाळ्यात आटते, कोणत्या वर्षी पाण्याचा वास बदलला, हे गावातील एखाद्या वृद्धाने ओट्यावर बसवून, चहा पाजून सांगितलेले असते. तीच माहिती प्रबंधात ‘संशोधकाचे निरीक्षण’ म्हणून अवतरते. वृद्धाने माहिती दिली होती, श्रेय दिले नव्हते. त्याची अनुमती घेऊन त्याचा उल्लेख करण्यास एक ओळ पुरते. मार्गदर्शकांनाही हे लागू आहे: विद्यार्थ्याच्या लेखावर केवळ पदाच्या अधिकाराने पहिले नाव घालणारा गुरू शिष्याला प्रामाणिकपणाचे धडे कोणत्या तोंडाने देणार? विद्यार्थी अशा वेळी बोलू शकत नाही, आणि बोलला नाही म्हणून त्याने संमती दिली असे होत नाही.

महाडच्या भूमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्यांची गोष्ट या संदर्भात पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली, हे तितकेसे ठाऊक नाही. अभ्यास कित्येक वर्षांपूर्वीच झाला होता. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्यानंतरच पदवी देण्याची तेथील रीत होती. जगाने वाचावा आणि तपासावा, मग पदवी, असा तो क्रम.

त्याआधीचा लंडनचा अनुभव अधिक कसोटीचा होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२२ साली लंडन विद्यापीठात सादर झाला. ब्रिटिश राजवटीच्या चलनविषयक धोरणावरील त्यातील टीका परीक्षकांना रुचली नाही आणि प्रबंध पुन्हा लिहून आणावा असे सांगण्यात आले. हाती पैसा नव्हता. ते मुंबईस परतले होते. अशा स्थितीत परीक्षकांना रुचेल असा निष्कर्ष लिहून मोकळे होणे फार सोपे होते, आणि त्याला कोणी चोरीही म्हटले नसते. त्यांनी भाषा बदलली, मांडणी बदलली. निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध दुसऱ्यांदा गेला आणि १९२३ च्या अखेरीस स्वीकृत झाला.

तो प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. आपल्या शिष्याच्या टीकेतील पुष्कळ भाग आपल्याला मान्य नाही, असे गुरूंनी त्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले, आणि शिष्याने ती प्रस्तावना जशीच्या तशी ग्रंथाच्या आरंभी छापली.