आवाज न करणारी बॅट

दोस्तांनो, डोळे मिटा आणि टेबल टेनिसचा खेळ नुसता ऐकून पाहा. टक्‌-टुक्‌, टक्‌-टुक्‌! बॅटचा आवाज वेगळा, टेबलाचा वेगळा. चेंडू किती जोरात येतोय, हे जुन्या खेळाडूंना नुसत्या आवाजावरून कळायचं. आता समजा, एके दिवशी समोरच्याच्या बॅटचा आवाजच बंद झाला तर?

असं खरंच घडलं होतं बरं का, आणि तेही आपल्या मुंबईत! साल होतं १९५२, महिना फेब्रुवारी. टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशियात पहिल्यांदाच भरली होती. त्या काळी बड्या खेळाडूंची बॅट ठरलेली असे: लाकडी फळी आणि तिच्यावर बारीक दाण्यांचं पातळ रबर. जपानचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. त्याच्या बॅटवर चक्क जाड स्पंज चिकटवलेला! चेंडू त्यात रुतायचा आणि गुपचूप उसळून परत यायचा. ना टक्‌, ना टुक्‌. समोरचा गोंधळून जायचा. अमेरिकेचा मार्टी राइसमन हा तेव्हाचा नावाजलेला खेळाडू, पण तोही सातोपुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

खरी गंमत तर पुढेच आहे. एक नवी बॅट आली आणि खेळणाऱ्यांच्या जगातल्या गप्पाच बदलल्या. कोणी म्हणालं, "हा काय खेळ झाला? ही तर लबाडी!" कोणी म्हणालं, "नियमात कुठे लिहिलंय, की स्पंज लावायचा नाही?" आणि ते खरंही होतं. १९५४ मध्ये लंडनला जपानच्याच इचिरो ओगिमुराने स्पंजची बॅट घेऊन अजिंक्यपद मिळवलं. मग वाद आणखी पेटला. वर्षानुवर्षं जुन्या बॅटवर हात बसवलेल्यांनी काय करायचं? सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं?

हा वाद मला नीट कळतो, कारण तो मी आमच्या गावात, अगदी छोट्या आकारात, पाहिलाय. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात मी चुकीच्या बाजूला होतो.

आमच्या क्रीडामंडळात एकच टेबल होतं. सगळे मंडळाच्या जुन्या दाणेदार बॅटने खेळायचो. माझा एक मित्र आमच्यात सगळ्यात भारी. त्याचा बचाव म्हणजे भिंतच! मग माझ्या मामाने मला परदेशातून स्पंजवाली बॅट आणून दिली. तिच्यावर गुळगुळीत रबर होतं. काय फिरकी वळायची महाराजा! पंधरा दिवसांत मी मित्राला हरवायला लागलो. हळूहळू आणखी दोघातिघांनी तशाच बॅट मिळवल्या. आधी आम्ही "पाय हलव", "सर्व्हिस बघ" असं एकमेकांना सांगायचो. आता गप्पा एकच: रबर कुठलं, केवढ्याला, किती जाड? मित्र नुसता ऐकत बसायचा. एकदा तो म्हणाला, "तुझा फटका समजतच नाही रे." मी फाडकन म्हणालो, "मग तूही घे की नवी!"

त्याच्या घरी ते शक्य नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला.

आमच्या हॉलची किल्ली एका दादाकडे असायची. त्याने आठवडाभर पाहिलं. मग माझी बॅट काढून घेतली, मंडळाची जुनी बॅट हातात दिली आणि म्हणाला, "आता खेळ माझ्याशी." मी २१-६ असा साफ आपटलो. दादा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दर रविवारी सगळ्यांनी मंडळाच्याच बॅटने खेळायचं. बाकीच्या दिवशी ज्याची त्याने." मी मित्राला बोलवायला घरी गेलो. तो दोन रविवार आला, मस्त खेळलाही. पण मन उडालं होतं त्याचं. पुढे तो क्रिकेटकडे वळला तो वळलाच.

दादाने जे केलं, तसंच काहीसं जगातल्या मोठ्या मंडळींनीही केलं होतं. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने ठरवलं, की नुसता उघडा स्पंज चालणार नाही. स्पंजवर रबर हवंच, आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नुसतं दाणेदार रबर असेल, तर ते २ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे नव्याला दार उघडलं, पण उंबरठाही घातला.

पुढेही असंच होत राहिलं. काही खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गुणांची रबरं लावू लागले. रंग मात्र सारखाच! बॅट हातात गर्रकन फिरवली, की कुठल्या बाजूने फटका आला ते समोरच्याला कळायचं नाही. कान देऊन ओळखावं, तर काहीजण सर्व्हिस करताना मुद्दाम जमिनीवर पाय आपटायचे! म्हणून १९८६ पासून एक बाजू लाल आणि एक काळी, असा नियम आला. २०२१ पासून लालच्या जागी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा रंगही चालतो, पण दुसरी बाजू काळीच लागते. म्हणजे वेगळं रबर वापरा खुशाल, पण समोरच्याला दिसू द्या.

आणि जुन्यांचं काय झालं? राइसमनने दाणेदार बॅट सोडलीच नाही. अमेरिकेत जुन्या बॅटवाल्यांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि १९९७ मध्ये ती या आजोबांनी जिंकली. वय वर्षं ६७! लंडनमध्ये २०१३ पासून काही वर्षं एक जागतिक स्पर्धा भरायची. तिथे सगळ्यांना एकसारख्या, सँडपेपर लावलेल्या बॅट मिळत. म्हणजे आमच्या दादाचा रविवारच की!

दाणे पुरते गेले असंही नाही. आपली मनिका बत्रा बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर लावते. ते चेंडूला धरून ठेवत नाही, त्यामुळे समोरच्याने दिलेली फिरकी त्याच्यावरच उलटते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्णपदक तिने याच बॅटने जिंकलं.

तर दोस्तांनो, नवी वस्तू येणारच. ती वाईट नसते. मला माझी स्पंजवाली बॅट आजही आवडते. पण ती आपल्या कंपूत आली, की टेबलाभोवती जरा नजर फिरवा. मग ती बॅट असो, सायकल असो, कॅमेरा असो की मोबाइल. कालपर्यंत बडबडणारं कोणी आज गप्प तर बसलं नाही ना? बसलं असेल, तर आपली नवी वस्तू त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "घे, एक डाव तू खेळ."

मला हे सुचायला फार उशीर झाला. तुम्ही करू नका. पुढच्या आठवड्यात भेटूच!