प्लेटलेट्स हव्यात, पण खरंच?

पावसाळा ओसरू लागला की नाशिकच्या कॉलेज ग्रुपवर हा मेसेज ठरलेलाच: 'डेंग्यू पेशंट, प्लेटलेट्स अर्जंट.' तुम्ही तो फॉरवर्ड करता, कुणी बाइक काढून थेट रक्तपेढी गाठतं. धावून जाणं चांगलंच. पण काउंट लाखाखाली आला, की घरचे घाबरतात आणि डॉक्टरांवर 'चढवा ना' असा दबाव सुरू होतो.

रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्सची गरज नसते, असं डेंग्यूच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. गंभीर डेंग्यूत मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा. तिथे जीव वाचवतो तो सलाइनचा नीट हिशेब. (पपईच्या पानांचा रस नव्हे!)

प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात, म्हणून त्या ५ दिवसच टिकतात. फ्रीजमधल्या लाल पेशींपेक्षा त्यांत जंतू वाढायची भीतीही जास्त. शिवाय अंगावर पित्त उठणं, थंडी-ताप, क्वचित फुफ्फुसात पाणी. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरियासाठी तपासणी होते. तरी लागण अगदी ताजी असेल तर ती चाचणीतून निसटू शकते.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचं मात्र वेगळं. त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, मे महिन्यातही. तेव्हा कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि त्याच्यासाठी मेसेजही फिरत नाही. वय १८, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर सुटीत गावी निघण्याआधी रक्तपेढीला एक फोन कराल?